एका सेटिंगने फेसबुक सहा तास बंद पाडलं होतं, तुमच्या राऊटरचीही एक 'फाईल' असते, ती जपून ठेवा

४ ऑक्टोबर २०२१, सोमवारची रात्र. नऊ वाजून गेले होते. जेवणं उरकून लोक मोबाईल घेऊन बसले आणि बघतात तर काय, व्हॉट्सॲपवर मेसेज जाईना. एक टिकसुद्धा नाही, नुसतं घड्याळाचं चिन्ह. इन्स्टाग्राम उघडेना, फेसबुक उघडेना.

आपण सगळ्यांनी काय केलं? आधी आपल्याच नेटला शिव्या घातल्या. कोणी वायफाय बंद करून चालू केलं, कोणी फोन रिस्टार्ट केला, कोणी रात्री साडेनऊला केबलवाल्या दादाला फोन लावला. शेवटी ट्विटरवर गेल्यावर कळलं की बिघाड आपल्याकडे नाहीये, अख्ख्या जगाचं बंद आहे.

साधारण सहा तास हा गोंधळ चालला. हॅकर्सनी डाव साधला असणार, अशी चर्चाही रंगली. पण कंपनीने जे कारण दिलं ते फारच साधं होतं. डेटा सेंटर्सना एकमेकांशी जोडणाऱ्या मोठ्या राऊटर्सच्या कॉन्फिगरेशनमध्ये केलेला बदल.

म्हणजे सोप्या भाषेत, राऊटरची सेटिंग.

आता प्रश्न असा पडतो की एवढ्या मोठ्या कंपनीला एका सेटिंगमुळे सहा तास का लागावेत? चूक झाली तर मागे घ्यायची, विषय संपला. पण राऊटरच्या बाबतीत गंमत अशी आहे की चूक करणं सोपं असतं, मागे येणं अवघड. आणि मागे येता येईल की नाही, हे एका फाईलवर ठरतं. तिचं नाव कॉन्फिगरेशन फाईल.

ही कॉन्फिगरेशन फाईल म्हणजे काय?

एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन नवे राऊटर घ्या. डबा उघडला की दोन्ही जुळे भाऊ. त्यातला एक बँकेच्या शाखेत जातो, दुसरा कॉलेजच्या हॉस्टेलवर. महिन्याभराने दोघांचं काम बघितलं तर काडीचाही संबंध नसतो. फरक पडतो तो आतल्या फाईलमुळे.

समजा तुमच्या सोसायटीत नवा वॉचमन आला. पहिल्या दिवशी त्याला काहीच माहीत नसतं. मग सेक्रेटरी त्याला सांगतात की बी विंगच्या गाड्या इकडून सोडायच्या, दूधवाल्याला अडवायचं नाही, सेल्समनला आत घ्यायचं नाही, कुरिअर आलं तर कुठे ठेवायचं. या सगळ्या सूचनांची यादी म्हणजे वॉचमनचं कॉन्फिगरेशन.

राऊटरचंही असंच. कोणत्या पोर्टला कोणता आयपी पत्ता, कोणता ट्रॅफिक कुठल्या रस्त्याने पाठवायचा, कोणाला अडवायचं, आत शिरायचा पासवर्ड काय, हे सगळं त्या फाईलमध्ये ओळीने लिहिलेलं असतं. मोठ्या राऊटर्समध्ये ही फाईल म्हणजे चक्क साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येईल असा. लहान ऑफिसची फाईल शे-दोनशे ओळींत आटपते, मोठ्या कंपनीची हजारो ओळींची असते.

डबा जळला तर बाजारातून दुसरा आणता येतो. फाईल गेली तर ती कुठल्याच दुकानात मिळत नाही.

फाईल एक, प्रती दोन, आणि घोळ इथेच होतो

सिस्को कंपनीच्या राऊटर्समध्ये या फाईलच्या दोन प्रती असतात. एकीला म्हणतात रनिंग-कॉन्फिग आणि दुसरीला स्टार्टअप-कॉन्फिग.

रनिंग-कॉन्फिग म्हणजे राऊटर आत्ता, या क्षणी ज्यानुसार चालतोय ती. ती रॅममध्ये असते. लाईट गेली की पुसली जाते. स्टार्टअप-कॉन्फिग एनव्हीरॅम नावाच्या मेमरीत असते. लाईट गेली तरी ती टिकते आणि राऊटर पुन्हा सुरू झाला की तीच वाचून कामाला लागतो.

पुन्हा वॉचमनकडे येऊ. सेक्रेटरींनी तोंडी सांगितलेलं वॉचमनच्या डोक्यात असतं, ती झाली रनिंग. केबिनमधल्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं, ती झाली स्टार्टअप. तोंडी सूचना लगेच लागू होते, पण रजिस्टरमध्ये कोणी लिहिलीच नाही, तर रात्रपाळीला येणारा माणूस जुन्याच नियमाने वागणार.

सिस्कोच्या राऊटरमध्ये एखादी कमांड टाईप करून एंटर मारलं की बदल त्याच क्षणी लागू होतो. पण तो रजिस्टरमध्ये उतरवण्यासाठी वेगळी कमांड द्यावी लागते, 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग'. जुनी मंडळी नुसतं 'डब्ल्यू आर' एवढी दोन अक्षरं टाईप करून मोकळी होतात. ही कमांड राहिली, तर काहीच बिघडत नाही. सगळं छान चालत राहतं. आणि हाच तर धोका आहे.

मी हे पुस्तकात वाचून शिकले नाही. माझी पहिली नोकरी एका छोट्या न्यूज पोर्टलमध्ये होती. वीस-बावीस जणांचं ऑफिस. एकदा नवी इंटरनेट लाईन घेतली. नेटवर्कचं काम बघणारे एक दादा आले, लॅपटॉपला केबल जोडली, अर्धा तास काहीतरी टाईप केलं, स्पीड दाखवला, चलनावर सही घेतली आणि गेले. महिन्याभराने जुनी लाईन आम्ही बंदही केली. दोन महिने नेट अगदी सुसाट.

मग आला निवडणुकीच्या मतमोजणीचा दिवस. आठला मोजणी सुरू होणार आणि साडेसातला लाईट गेली. इन्व्हर्टरने पाच मिनिटांत मान टाकली. दहा मिनिटांनी लाईट आली, राऊटरचे सगळे दिवे हिरवे, पण नेट नाही. राऊटर दोन महिन्यांपूर्वीच्या स्टार्टअप-कॉन्फिगवर उठला होता आणि बंद केलेल्या जुन्या लाईनवर सगळा ट्रॅफिक इमानेइतबारे पाठवत होता.

आम्ही मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बातम्या टाकत होतो. एक जण पायरीवर, एक जण गच्चीत. ते दादा अकराला पोचले, डायरीत बघून पुन्हा सगळं टाईप केलं आणि शेवटी एक कमांड जास्त दिली. "ही कशाची?" विचारलं तर हळूच म्हणाले, "सेव्हची. तेव्हा राहिली होती."

सिस्कोचा राऊटर तुम्ही स्वतः रिस्टार्ट करायला गेलात तर तो आधी विचारतो की सेटिंग बदलली आहे, सेव्ह करू का? लाईट मात्र विचारून जात नाही.

प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी

सगळेच राऊटर सिस्कोसारखे वागत नाहीत. मायक्रोटिक कंपनीच्या राऊटरमध्ये केलेला बदल लागलीच सेव्ह होतो, वेगळी कमांड लागत नाही. म्हणजे विसरण्याची भीती नाही, पण चूक झाली तर तीही लागलीच पक्की होते.

जुनिपरच्या राऊटरमध्ये बरोबर उलटं. तिथे तुम्ही टाईप करता ते आधी कच्च्या मसुद्यात जातं. कितीही ओळी बदला, चालू नेटवर्कला धक्का लागत नाही. सगळं तपासून 'कमिट' म्हटलं की मग मसुदा लागू होतो. शिवाय मागच्या ४९ आवृत्त्या राऊटर सांभाळून ठेवतो, 'रोलबॅक' म्हणून त्यातल्या कुठल्याहीकडे परत जाता येतं.

आणखी एक जागा, जिथे शिकलेली माणसंही फसतात. सिस्कोमध्ये वाटतं की जुनी फाईल रनिंग-कॉन्फिगवर कॉपी केली की सगळं जुन्यासारखं होईल. होत नाही. जुन्या फाईलमधल्या ओळी चालू फाईलमध्ये मिसळल्या जातात. तुम्ही चुकून टाकलेली जास्तीची ओळ जुन्या फाईलमध्ये नसेल, तर ती तशीच राहते. भाजीत मीठ जास्त पडल्यावर त्यातच मूळ कृतीप्रमाणे पुन्हा सगळं साहित्य घालावं, तसा प्रकार. जुनी फाईल जशीच्या तशी हवी असेल तर 'कॉन्फिगर रिप्लेस' ही वेगळी कमांड आहे.

बसल्या फांदीवर कुऱ्हाड

आता खरी भीतीदायक गोष्ट. बहुतेक राऊटर समोर बसून नाही, लांबून चालवले जातात. पुण्यात बसलेला इंजिनिअर नागपूरच्या राऊटरची सेटिंग बदलत असतो. तो राऊटरपर्यंत पोचतो ते त्याच राऊटरच्या नेटवर्कवरून. एक ओळ चुकीची पडली, की ज्या रस्त्याने तो आत आला तोच रस्ता बंद. चूक समोर दिसतेय, दुरुस्त कशी करायची हेही माहितीये, पण हात पोचत नाही. मग काय, कोणीतरी गाडी काढून जायचं.

यावर उपाय म्हणून एक सुंदर युक्ती वापरतात. सिस्कोमध्ये धोक्याचा बदल करण्याआधी राऊटरला सांगून ठेवायचं, 'रिलोड इन १०'. म्हणजे दहा मिनिटांनी स्वतःहून रिस्टार्ट हो. मग बदल करायचा, पण सेव्ह करायचा नाही. सगळं नीट झालं तर रिस्टार्ट रद्द करून सेव्ह करायचं. आपणच बाहेर फेकले गेलो, तर हातावर हात ठेवून बसायचं. दहा मिनिटांनी राऊटर रिस्टार्ट होतो, रजिस्टरमधली जुनी सेटिंग वाचतो आणि दार पुन्हा उघडतं.

बघा, ज्या विसराळूपणाने आमच्या ऑफिसची सकाळ वाया घालवली, तोच इथे कामाला येतो.

जुनिपरमध्ये याला 'कमिट कन्फर्म्ड' म्हणतात. ठरलेल्या वेळात, एरवी दहा मिनिटांत, तुम्ही पुन्हा एकदा 'हो' म्हटलं नाही, तर बदल आपोआप मागे घेतला जातो. मायक्रोटिकमध्ये 'सेफ मोड' आहे. तो चालू असताना तुमचं कनेक्शन तुटलं, तर त्या दरम्यान केलेले बदल राऊटर स्वतः उलटवतो.

तिन्हींचा अर्थ एकच. आधी परतीचं तिकीट काढायचं, मग गाडीत बसायचं.

मग फेसबुकसारखी कंपनी कशी अडकली?

कंपनीने दुसऱ्या दिवशी दिलेल्या माहितीनुसार, नेहमीच्या देखभालीचं काम चालू होतं. नेटवर्कची क्षमता किती आहे हे तपासण्यासाठी एक कमांड दिली गेली आणि तिने डेटा सेंटर्सना जोडणारे सगळे दुवेच तोडले. अशा धोक्याच्या कमांड अडवण्यासाठी तपासणीचं एक सॉफ्टवेअर होतं, पण त्यातच दोष निघाला आणि कमांड सुटली.

पुढची गंमत बघा. फेसबुकचा पत्ता जगाला सांगणारे त्यांचे डीएनएस सर्व्हर डेटा सेंटरशी संपर्क तुटला की स्वतःला आजारी समजून इंटरनेटवरून आपला रस्ता मागे घ्यायचे, अशी रचना होती. त्यांनी तसंच केलं. त्यामुळे फेसबुक बंद पडलं असं नाही, तर इंटरनेटच्या नकाशावरून गायबच झालं. लांबून दुरुस्ती करायची साधनंही त्याच नेटवर्कवर होती. इंजिनिअर्सना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं आणि तिथली सुरक्षा इतकी कडक की आत जाऊन यंत्रांना हात लावायलाच वेळ गेला.

म्हणजे घराला कुलूप आणि किल्ली घरात.

नऊ महिन्यांनी, ८ जुलै २०२२ ला कॅनडात याहून मोठा प्रकार झाला. रॉजर्स ही तिथली बडी टेलिकॉम कंपनी. नेटवर्क सुधारण्याचं सात टप्प्यांचं काम चालू होतं, त्यातला सहावा टप्पा. राऊटरच्या कॉन्फिगरेशनमधून एक फिल्टर काढला गेला. फिल्टरचं काम रस्त्यांच्या माहितीचा लोंढा अडवणं. तो निघाला आणि मुख्य राऊटर्सवर इतकी माहिती येऊन आदळली की ते कोसळले.

१ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहकांचा फोन आणि इंटरनेट बंद. इंटरॅक नावाची तिथली पेमेंट व्यवस्था ठप्प, दुकानात कार्ड चालेना. अनेकांना ९११ या आपत्कालीन नंबरवर फोन लागेना. हे जवळपास २६ तास चाललं. तुमचं कोणी टोरंटोला राहत असेल तर तो शुक्रवार त्यांना विचारून बघा.

नंतरच्या चौकशीत दोन गोष्टी समोर आल्या. पहिली, सुरुवातीचे टप्पे सुरळीत पार पडले म्हणून या कामाचा धोका 'जास्त'वरून 'कमी' असा बदलला गेला होता. दुसरी, दुरुस्तीसाठी वापरायचं नेटवर्क मुख्य नेटवर्कवरच अवलंबून होतं. कर्मचाऱ्यांचे फोनही रॉजर्सचेच, त्यामुळे एकमेकांशी बोलायलाही दुसऱ्या कंपनीची सिमकार्डं लागली. नेमकं कोणत्या बदलामुळे झालं हे शोधण्यातच सुमारे १४ तास गेले.

हे १४ तास लक्षात ठेवा. कारण रात्री दोन वाजता नेटवर्क पडतं तेव्हा इंजिनिअरचा पहिला प्रश्न असतो, 'शेवटचं काय बदललं?'

'काय बदललं' याचं उत्तर कुठे मिळतं?

बॅकअपमध्ये. पण नुसत्या एका बॅकअपमध्ये नाही, तारखेवार ठेवलेल्या बॅकअपमध्ये.

पूर्वी ही फाईल टीएफटीपी नावाच्या पद्धतीने दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाठवायचे. ती सोपी आहे, पण तिच्यात पासवर्डही नसतो आणि मजकूर उघडा जातो. म्हणून आता एससीपीसारखी सुरक्षित पद्धत वापरावी असं सांगतात.

मोठ्या ठिकाणी हे काम माणसावर सोडत नाहीत. रॅन्सिड आणि ऑक्सिडाईज्ड ही त्यासाठीची दोन मोफत सॉफ्टवेअर. ती ठरावीक वेळाने प्रत्येक राऊटरमध्ये जातात, फाईल आणतात आणि आधीच्या फाईलशी ताडून बघतात. एक ओळ जरी बदलली तरी कोणती गेली आणि कोणती आली, ते समोर दिसतं. चार हजार ओळींची फाईल डोळ्यांनी वाचायची गरज नाही. आमच्या ऑफिसात असं काही असतं तर दादांची डायरी शोधत बसावं लागलं नसतं.

फक्त हा बॅकअप अशा ठिकाणी हवा, जिथे नेटवर्क पडल्यावरही हात पोचेल.

या फाईलमध्ये तुमची गुपितं असतात

कॉन्फिगरेशन फाईल म्हणजे घराचा नकाशा आणि किल्ल्यांचा जुडगा एकत्र. त्यामुळे ती हरवणं जितकं वाईट, तितकंच ती दुसऱ्याच्या हाती लागणं वाईट.

सिस्कोच्या फाईलमध्ये काही पासवर्ड 'टाईप ७' प्रकारात दिसतात. बघायला अगम्य आकडे-अक्षरं, पण ते क्षणात उलगडता येतात. इंटरनेटवर फुकट साधनं पडलीयेत. म्हणून 'टाईप ८' किंवा 'टाईप ९' वापरायला सांगतात, ते उलटे फिरवता येत नाहीत.

२०२३ मध्ये ईसेट या सायबर सुरक्षा कंपनीने १८ जुने राऊटर सेकंडहँड बाजारातून विकत घेतले. त्यातल्या निम्म्याहून जास्त राऊटर्समध्ये आधीच्या मालक कंपन्यांचा संवेदनशील डेटा तसाच होता. ते विकणाऱ्यांनी डबा विकला, फाईल पुसायची राहिली.

तुम्ही आम्ही काय करतो? नेट चालत नाही म्हणून राऊटरच्या सेटिंगचा स्क्रीनशॉट फेसबुक ग्रुपवर टाकतो, 'प्लीज हेल्प'. त्यात युजरनेम असतं, कधीकधी पासवर्डही. पुढच्या वेळी टाकण्याआधी एकदा झूम करून बघा.

घरच्या राऊटरसाठी काय कराल?

आपल्याला कमांड टाईप करायच्या नाहीत. पण घरच्या राऊटरमध्येही अशीच फाईल असते आणि तिला सगळ्यात मोठा धोका असतो मागच्या बाजूच्या त्या बारीक छिद्रातल्या रिसेट बटणाचा.

बरेच जण 'रिस्टार्ट' आणि 'रिसेट' एकच समजतात. स्विच बंद करून चालू केला तर सेटिंग तशीच राहते. पिन घालून रिसेट बटण काही सेकंद दाबून धरलं, तर राऊटर दुकानातून आणला होता तसा कोरा होतो. वायफायचं नाव गेलं, पासवर्ड गेला. तुमचं कनेक्शन पीपीपीओई पद्धतीचं असेल तर कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्डही गेलं आणि ते टाकल्याशिवाय नेट सुरूच होत नाही. रविवारी रात्री हे झालं आणि सोमवारी सकाळी ऑनलाईन इंटरव्ह्यू असेल, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

म्हणून नेट चालू असताना, निवांत वेळी, एवढं करा.

१. राऊटरच्या खाली स्टिकर असतो. त्यावरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. बऱ्याचदा तो १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. लॉगिनही तिथेच लिहिलेलं असतं. आत गेल्यावर हा ॲडमिन पासवर्ड आधी बदला.

२. 'सिस्टीम टूल्स', 'ॲडमिनिस्ट्रेशन' किंवा तशाच नावाच्या मेनूत 'बॅकअप अँड रिस्टोअर' शोधा. बॅकअप दाबलं की एक छोटी फाईल डाऊनलोड होते. तीच आपली फाईल.

३. फाईलला तारीख आणि राऊटरचं मॉडेल असं नाव द्या. ही फाईल साधारणपणे त्याच मॉडेलवर चालते, दुसऱ्या कंपनीच्या राऊटरवर नाही.

४. ती लॅपटॉपमध्ये किंवा पेनड्राईव्हवर ठेवा. फक्त गुगल ड्राईव्हवर ठेवू नका. तिची गरज पडेल तेव्हा नेटच नसेल, हे विसरू नका.

५. पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड ऑपरेटरकडून मागून घ्या आणि घरातल्या वहीत लिहा. हो, कागदावर.

६. फर्मवेअर अपडेट करण्याआधी आणि मोठी सेटिंग बदलण्याआधी नवा बॅकअप घ्या.

७. राऊटर विकताना, परत देताना किंवा भंगारात टाकताना मात्र ते रिसेट बटण जरूर दाबा.

फायबरच्या अनेक कनेक्शनमध्ये राऊटरची सूत्रं कंपनीकडे असतात आणि बॅकअपचा पर्याय दिसतच नाही. तेव्हा निदान पाचवा मुद्दा करून ठेवा आणि वायफायचं नाव-पासवर्ड लिहून ठेवा. ते तेच ठेवलंत, तर नव्या राऊटरवरही घरातले फोन, टीव्ही, कॅमेरे आपोआप जोडले जातात.

आणि पुढच्या वेळी घरी किंवा ऑफिसात कोणी राऊटरची सेटिंग बदलायला आलं, नेट सुरू झालं आणि ते बॅग उचलू लागले, की चहा विचारा आणि सोबत दोन प्रश्नही. "दादा, सेव्ह केलं ना? आणि एक कॉपी आम्हाला देता?"

आमच्या ऑफिसात हे दोन प्रश्न कोणी विचारले असते, तर मतमोजणीच्या दिवशी मी गच्चीत उन्हात बसून बातम्या टाकल्या नसत्या.